फ्रेंचच्या वर्गातली मराठी



आमच्या फ्रेंचच्या बाईंच्या स्मरणार्थ बोलायला उभं राहायचं तर आधी उच्चार नीट करायला हवेत. त्यांच्या वर्गात पहिले पंधरा दिवस वही उघडायची नसे. आम्ही सगळे अकरावी-बारावीला भरपूर मार्क पडतात म्हणून फ्रेंच घेतलेले आणि पुढे ती आवडली म्हणून पदवीला आलेले. क्रियापदं पाठ होती, रिकाम्या जागा भरता येत होत्या. बाईंनी पहिल्याच तासाला एकेकाला उभं करून 'तू' या अर्थाचा फ्रेंच शब्द म्हणायला लावला. झाडून सगळ्यांनी 'ट'नं सुरुवात केली. रोमन लिपीतला 'टी' दिसला की आमची जीभ इंग्रजीच्या सवयीनं वर टाळूकडे जायची. बाई म्हणाल्या, "ताट म्हण." मी म्हटलं, "ताट." "त्यातला पहिला त घे. फ्रेंच माणूस तोच घेतो. दुसरा कशाला घेतेस?"

मग स्वर. "ओठ ऊचे कर आणि आतून ई म्हण." एवढ्यावर तो शब्द जमला. पुढच्या तासाला 'प' आणि 'क'. इंग्रज माणूस 'पेन' म्हणताना त्या 'प'मध्ये थोडा हकार सोडतो, ओठांपुढे कागदाचा कपटा धरला तर तो हलतो. फ्रेंच 'प'नं कपटा हलत नाही. आपल्या 'पाणी'नंही हलत नाही. बाई खरोखरच कागदाचे कपटे वाटायच्या आणि आम्ही तोंडापुढे धरून बसायचो.

आमच्याबरोबर सावंतवाडीकडची एक मुलगी होती. घरात मालवणी बोलायची. शाळेत बाहेरून आलेल्या शिक्षकांनी तिला 'नाकात बोलू नकोस' असं इतकं सांगितलं होतं की ती वर्गात बोलेनाशीच झाली होती. फ्रेंचमध्ये स्वर नाकातून काढावे लागतात, आणि आम्हा पुण्याच्या मुलांना ते येईनात. आम्ही स्वरानंतर 'न' किंवा 'ङ' लावून मोकळे व्हायचो. प्रमाण मराठीतून ते स्वर बहुतेक गेले आहेत, आपण नुसती टिंबं देतो. कोकणीत आणि मालवणीत ते जिवंत आहेत. बाईंनी त्या मुलीला पुढे बोलावलं आणि आम्हाला सांगितलं, "हिचं ऐका." दोन आठवडे ती आमची उच्चारांची शिक्षिका होती. शाळेनं जो दोष ठरवला होता तो इथे नमुना ठरला. तेव्हा तिचा चेहरा कसा झाला होता, ते मी आजही विसरलेले नाही.

आज मला जे म्हणायचं आहे ते असं: मराठी मुलानं विद्यापीठात फ्रेंच शिकायची तर ती इंग्रजीच्या दारानं शिकू नये. आपल्याला सरळ रस्ता आहे, आणि तो आपण वापरत नाही. दुसरंही म्हणायचं आहे, की त्या रस्त्यानं परतही यायचं असतं.

रस्ता सरळ आहे म्हणजे काय, ते एका वाक्यात दाखवते. 'मी लिहिलेली चिठ्ठी' हे फ्रेंचमध्ये 'ला लेत्र् क झे एक्रीत्' असं होतं. यातला शेवटचा 'त' ऐका. चिठ्ठी स्त्रीलिंगी आहे म्हणून तो ऐकू येतो. कागद किंवा लेख असता तर 'एक्री' एवढंच ऐकू आलं असतं. म्हणजे लिहिणारी मी, पण क्रियापदाचं रूप ठरतं चिठ्ठीच्या लिंगावरून. हा नियम इंग्रजीतून समजावायला गेलं की मुलं हैराण होतात, कारण इंग्रजीत असं काही घडतच नाही. फ्रान्समधल्या शाळेतली मुलंसुद्धा श्रुतलेखनात इथे हमखास चुकतात.

आणि आपण? मी चिठ्ठी लिहिली. मी लेख लिहिला. मी पत्र लिहिलं. चार वर्षांचं मराठी पोर हे न चुकता बोलतं. आता दुसरीकडे पाहा. मी गेले, मी आले. इथे रूप माझ्यावरून ठरतं. फ्रेंचमध्येही जाणं, येणं, जन्मणं, मरणं या क्रियापदांना वेगळं सहायक क्रियापद लागतं आणि रूप कर्त्यावरून ठरतं. इंग्रजी व्याकरणांत या क्रियापदांची यादी देऊन ती पाठ करायला सांगतात. बाई यादी देत नसत. त्या विचारायच्या, "मराठीत 'मी गेले'सारखं चालतं की 'मी लिहिलं'सारखं?" दहातली आठ उत्तरं बरोबर यायची. उरलेल्या दोन ठिकाणी थांबायला लागायचं, कारण सगळं जुळत नाही. आपण 'मी जेवले' म्हणतो, फ्रेंच माणूस जेवण्याला 'लिहिण्या'च्या पंक्तीत बसवतो. फ्रेंचमध्ये चिठ्ठी क्रियापदाच्या आधी आली तरच हा मेळ होतो, मराठीत ती कुठेही असो. पण फरक दिसायला आधी साम्य दिसावं लागतं.

हे साम्य योगायोगाचं नाही. लॅटिनमध्ये 'माझ्यापाशी लिहिलेली चिठ्ठी आहे' अशा धर्तीची रचना होती, तिच्यातून फ्रेंच भूतकाळ आला. संस्कृतात 'मया पत्रिका लिखिता', म्हणजे माझ्याकडून पत्रिका लिहिली गेली. तो 'मया' जुन्या मराठीत 'म्यां' झाला आणि आज 'मी'मध्ये विरून गेला आहे. दोन्हीकडे मूळ रूप धातुसाधित विशेषणाचं. विशेषण म्हटलं की ते नामाच्या लिंगानं चालणार. दोन भाषांनी हजारो मैलांवर, एकमेकींना न विचारता, सारखी वाट धरली.

हे मला बाईंनी शिकवलं, आणि त्यांना ते एका पुस्तकानं. त्या पुस्तकाबद्दल थोडं सविस्तर बोलणार आहे.

ज्यूल ब्लॉक हा फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ १८८० साली जन्मला. त्यानं आपल्या मोठ्या प्रबंधासाठी विषय घेतला मराठीचा. मराठी भाषा कशी घडली, तिचे ध्वनी कुठून आले, तिची विभक्ती कशी झिजली, तिचं क्रियापद कसं उभं राहिलं. पुस्तकावर साल १९१४ आहे. मध्ये महायुद्ध झालं आणि ते लोकांच्या हाती आलं १९२० मध्ये. पुढे ब्लॉक कोलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाला. त्याच संस्थेत १८१४ साली संस्कृतचं अध्यासन स्थापन झालं होतं, युरोपातलं पहिलं. आधुनिक भारतीय भाषांपैकी एकीचा असा शास्त्रशुद्ध इतिहास लिहायचा तर तो कसा, याचा पाठ त्या पुस्तकानं घालून दिला. बंगालीचा इतिहास लिहिणारे सुनीतिकुमार चतर्जी पॅरिसला जाऊन ब्लॉकपाशी शिकले.

आता तारखा लक्षात घ्या. मराठीच्या जन्माचा हा वृत्तांत फ्रेंचमध्ये होता. १९४१ साली वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला, 'मराठी भाषेचा विकास' या नावानं. इंग्रजी भाषांतर आलं १९७० मध्ये. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं हा ग्रंथ फ्रेंच आणि मराठी वाचणाऱ्यांना खुला होता आणि नुसती इंग्रजी जाणणाऱ्याला बंद होता. ज्ञान आपल्याकडे इंग्रजीतूनच येतं असं आपण धरून चालतो. परांजप्यांनी धरलं नाही. ते संस्कृतचे प्राध्यापक होते, आणि हे काम त्यांनी थेट फ्रेंचमधून करून दाखवलं.

ते एकटे नव्हते. परशुराम लक्ष्मण वैद्यांनी आर्यदेवाच्या 'चतुःशतका'वरचा आपला अभ्यास फ्रेंचमध्ये लिहिला आणि तो १९२३ साली पॅरिसला प्रसिद्ध झाला. भांडारकर संस्थेतल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची धुरा पुढे वाहिली ती यांनीच. ना. गो. कालेलकर पॅरिसला शिकून आले आणि त्यांनी भाषाशास्त्र थेट मराठीत लिहिलं: 'ध्वनिविचार', 'भाषा आणि संस्कृती', 'भाषा: इतिहास आणि भूगोल'. कालेलकर वाचताना एक गोष्ट जाणवते. त्यांचं वाक्य छोटं आहे, स्वच्छ आहे, त्यात परिभाषेचा धाक नाही. फ्रेंच गद्याची शिस्त मराठीत उतरली तर कशी दिसेल, हे मला विचाराल तर मी कालेलकरांची पानं काढून दाखवीन.

साहित्यात हा व्यवहार बहुतेक इंग्रजीच्या मध्यस्थीनं झाला. हरिभाऊ आपट्यांचं 'मारून मुटकून वैद्यबुवा' आणि अत्र्यांचं 'कवडीचुंबक' ही दोन्ही मोलियेरची देणगी. नाटकं रंगली, लोक हसले, आणि मोलियेर आपला झाला. त्याबद्दल तक्रार नाही.

आता विद्यापीठाकडे येते. विद्यापीठात 'भाषा आणि संस्कृती' असा विषय असतो. त्यातली संस्कृती पुष्कळदा चीज, अत्तर, आयफेल मनोरा आणि १४ जुलै यांच्यात संपते. हे वाईट नाही, पण यासाठी विद्यापीठ लागत नाही. विद्यापीठानं द्यायची ती एक सवय, आणि ती फ्रेंचांकडे आहे. ते एखादा वीस ओळींचा उतारा घेतात आणि तासभर सोडत नाहीत. शब्द असाच का, क्रम असाच का, काळ बदलला तो कुठे. त्यांच्याकडे शाळेपासून हे चालतं. अठराव्या वर्षी मुलं चार तास बसून तत्त्वज्ञानाच्या एका प्रश्नावर निबंध लिहितात. एक बाजू मांडायची, मग तिला छेद द्यायचा, मग दोन्हींच्या पलीकडे जायचं. ही चौकट कधी कधी काचते, हेही खरं. पण मत मांडण्याआधी समोरचं नीट वाच, ही शिस्त मला जन्मभर पुरली.

एका उताऱ्याबद्दल सांगते. फ्लोबेरची एक दीर्घकथा आहे, १८७७ सालची, फेलिसिते नावाच्या मोलकरणीची. पहिल्या वाक्यापाशी आम्ही दोन तास होतो. बाईंनी विचारलं, "या वाक्याचा कर्ता कोण?" आम्ही म्हटलं, फेलिसिते. कथा तिचीच आहे. बाई म्हणाल्या, पुन्हा वाचा. कर्ता ती नाही. गावातल्या खात्यापित्या घरच्या बायका तिच्या मालकिणीचा हेवा करतात, आणि त्या हेव्याची वस्तू म्हणून मोलकरीण वाक्याच्या अगदी शेवटी येते, आपल्या नावासकट. जिच्या आयुष्याची गोष्ट आहे तिला पहिल्या वाक्यात कर्त्याची जागा नाही. पुढे लगेच तिचा पगार येतो, वर्षाला शंभर फ्रँक, आणि मग कामांची यादी. फ्लोबेर हळहळत नाही. तो वाक्यातली तिची जागा दाखवतो आणि पुढे जातो.

मग बाईंनी भाषांतर करायला सांगितलं. 'मोलकरीण' शब्द कुणाला जड वाटला, 'नोकर' चुकीचा होता, 'कामवाली' आजची. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई." सगळे गप्प झाले. त्याची आई चार घरची धुणीभांडी करायची, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तो म्हणाला, "आईला सगळे 'बाई'च म्हणतात. तुम्हालाही आम्ही तेच म्हणतो." बाईंनी फळ्यावर तो शब्द लिहिला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा शब्द फ्रेंचमध्ये कसा न्यायचा, ते मला येत नाही." वर्गात आपल्याला येत नाही असं म्हणणारा शिक्षक मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. आम्ही परक्या देशाची गोष्ट वाचत होतो आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या बाईंकडे पहिल्यांदा नीट बघत होतो. संस्कृतीचा अभ्यास मी याला म्हणते.

पुढे मी शिकवायला लागले तेव्हा एका महाविद्यालयात मला बजावण्यात आलं की वर्गात मराठीचा एक शब्द येता कामा नये. फ्रेंच फ्रेंचमधूनच शिकवायची. तत्त्व म्हणून मला ते बरंचसं मान्य आहे, वर्गात फ्रेंच घुमली पाहिजे. पण तिथे अडलं की इंग्रजी चालत होती! फक्त मराठी चालत नव्हती. तालुक्याच्या गावांतून आलेली मुलं दोन भाषांच्या भिंतीला डोकं लावून बसायची. मी वर्षभर पाळलं आणि मग पाळणं सोडलं. त्या वर्षाच्या मुलांपाशी माझं देणं राहिलं आहे.

आजची मुलं वेगळ्या कारणांनी येतात. कॅनडाच्या स्थलांतराच्या गुणपद्धतीत फ्रेंचला जादा गुण आहेत. कंपन्यांना बी-२ पातळीची माणसं हवी असतात. कुणी नोकरीसाठी भाषा शिकतो म्हणून त्याला कमी लेखू नये. भाकरी हे भाषा शिकण्याचं सगळ्यात जुनं कारण आहे. माझी विनंती अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना आहे. फ्रेंच बोलणारे जगात ३२ कोटींहून जास्त आहेत, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक आफ्रिकेत राहतात. तेव्हा आपल्या मुलांना नुसतं पॅरिस देऊ नका. सेनेगलच्या मारियामा बा यांची 'युन सी लाँग लेत्र्' ही कादंबरी द्या. १९७९ सालची. नवरा वारल्यावर इद्दतीच्या दिवसांत घरात बसलेली एक शिक्षिका आपल्या मैत्रिणीला एक लांबच लांब चिठ्ठी लिहिते. त्या नवऱ्यानं उतारवयात मुलीच्या मैत्रिणीशी दुसरं लग्न केलं होतं. ज्या महाराष्ट्रात १९६६ साली हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा विधानभवनावर नेला, तिथल्या मुलामुलींना हे पुस्तक समजावून सांगावं लागत नाही. मी ते शिकवलं आहे, म्हणून सांगते.

परत येण्याबद्दल बोलायचं राहिलं. फ्रेंच माणसं मराठीकडे आली, हे आपल्याला पुरेसं ठाऊक नाही. गी देलरी या जेझुइट पाद्र्यानं विठोबाच्या भक्तीचा अभ्यास केला आणि तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले. ते पुस्तक १९५६ साली पॅरिसच्या गालिमारनं काढलं. शार्लोत व्होदव्हिल यांनी ज्ञानदेवांचा हरिपाठ नेला. गी प्वातवँ पुण्यात येऊन राहिले ते २००४ साली वारेपर्यंत इथेच राहिले. हेमा राईरकरांबरोबर त्यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. दया पवारांचं 'बलुतं' त्यांनीच फ्रेंच केलं. या माणसांनी आपली भाषा दळताना ओवी गाणाऱ्या बाईकडून शिकून घेतली. आपल्याकडून त्या दिशेनं किती गेलं? दरवर्षी आपल्या विभागांतून मुलं एम. ए. होतात. प्रत्येकानं मराठीतली दोन पानं नीट फ्रेंच केली आणि फ्रेंचमधली दोन नीट मराठी केली, तरी केवढं साचेल. प्रबंधाला पर्याय म्हणून टिपांसकट केलेलं भाषांतर स्वीकारा, असं मी अभ्यास मंडळावर असताना मांडलं होतं. आज पुन्हा मांडते.

बाईंनी स्वतः हे काम कसं केलं, ते सांगून थांबते. त्यांच्या पश्चात त्यांच्या मुलानं मला बुटांचे तीन खोके आणून दिले. आत कार्डं आहेत. प्रत्येक कार्डावर एक फ्रेंच शब्द, खाली मराठी शब्द, आणि तो मराठी शब्द कुणी सांगितला ते. पुस्तकी प्रतिशब्द त्यांना चालत नसे. भाजीवालीनं सांगितलेले शब्द आहेत, सुतारानं सांगितलेले आहेत. सोलापूरच्या एका विद्यार्थ्यानं सांगितलेले चाळीसेक तरी आहेत. त्याच्या घरी चादरींचे माग होते. लियोंचा रेशमी कापडाचा इतिहास शिकवताना जॅकार्डचा उल्लेख आला, तसा तो उठून म्हणाला, "बाई, आमच्या मागाला जॅकार्डच आहे." लियोंच्या विणकराचं नाव सोलापुरात घरोघर होतं, आणि वर्गातल्या एकालाही ते फ्रेंच वाटलं नव्हतं. त्या मुलानं सुट्टीत जाऊन वडिलांकडून शब्द लिहून आणले. नाव्हेत् म्हणजे धोटा. शेन् म्हणजे ताणा. त्राम् म्हणजे बाणा, आणि फ्रेंचमध्ये कथानकाच्या विणीलाही तोच शब्द.

कार्डं सलग 'एम'पर्यंत आली आहेत. शेवटचं कार्ड 'मेतिये' या शब्दाचं आहे. शाईनं लिहिलंय: धंदा, पेशा, कसब. त्याखाली पेन्सिलीनं, हात थरथरत असताना लिहिलेलं: माग. तेही बरोबर आहे, फ्रेंचमध्ये मागालाही मेतिये म्हणतात. पुढे एक प्रश्नचिन्ह आहे आणि त्या मुलाच्या गावाचं नाव. त्याला काहीतरी विचारायचं राहून गेलं असावं.

खोके माझ्या घरी आहेत. शनिवारी दुपारी चारनंतर मी घरीच असते. 'एम'चं बरंच आणि 'एन'पासूनचं बहुतेक सगळं बाकी आहे. फ्रेंच थोडी आली तरी चालेल, पण आपल्या घरच्या कामाचे शब्द ज्याला येतात त्यानं जरूर यावं.